टूर की टूलरूम?

वीस-तीस वर्षं गाजलेल्या रॉक बँडनं उरलेली ताकद कुठं लावावी? नवी गाणी रेकॉर्ड करण्यात, की शहराशहरांत शो करण्यात? संगीतवेड्यांच्या कट्ट्यावरचा हा जुना वाद. सणसवाडीच्या चौकातून पाहिलं, तर त्याचं उत्तर जरा वेगळं दिसतं.

२०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईत तीन रात्री वाजवून गेला. तिकीटविक्रीच्या दिवशी ऑनलाइन रांगेत आपला नंबर लाखांत पाहून अनेकांनी तेव्हाच फोन बाजूला ठेवला होता. मग २६ जानेवारीला अहमदाबादचा शो डिस्ने प्लस हॉटस्टारवर लाइव्ह दिसला आणि ज्यांना तिकीट मिळालं नव्हतं, परवडलं नव्हतं किंवा रजाच मिळाली नव्हती, त्यांच्याही हातातल्या स्क्रीनवर तो बँड येऊन उभा राहिला.

त्याच्या काही महिने आधी या बँडच्या ख्रिस मार्टिननं एक गोष्ट जाहीर करून टाकली होती. कोल्डप्लेचे एकूण बारा अल्बम होणार, त्यापुढे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘मून म्युझिक’ हा दहावा. म्हणजे उरले दोन. आकडा ठरवला तो अल्बमचा, कॉन्सर्टचा नाही.

वय वाढलेल्या प्रत्येक बँडपुढे हाच हिशेब येतो. वेळ मोजका, अंग थकलेलं, घरच्या जबाबदाऱ्या वाढलेल्या. वर्षाचे बारा महिने तेवढेच. ते रस्त्यावर घालवायचे की स्टुडिओत? कोल्डप्लेकडे दोन्हीसाठी पैसा आहे. आपल्याकडच्या बँडकडे तो नसतो, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे जास्त टोचतो.

अकराचा भोंगा, दहाची वेळ

पुणे-नगर रस्त्यावर वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा मागे टाकलं की सणसवाडी. पुढं शिक्रापूर, मग रांजणगाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉप, भाड्याच्या खोल्या आणि त्या खोल्यांत मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची तरुण पोरं. शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या बसमध्ये डोकावून बघा. अर्धी बस डोळे मिटून आणि कानात इअरबड घालून बसलेली असते. कुणाच्या कानात भीमगीत, कुणाच्या भोजपुरी, कुणाच्या अरिजित, आणि हो, कुणाच्या मेटॅलिकासुद्धा.

आता याच रस्त्यावर लाइव्ह संगीत किती आलं ते बघू. एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. सनबर्न गोव्याहून हलला, तेव्हा २०१६ च्या डिसेंबरात तो थेट वाघोलीजवळच्या केसनंदला आला. म्हणजे मोठमोठे कलाकार आपल्या दारापर्यंत आले, असं नकाशावर तरी दिसतं. प्रत्यक्षात दारात आले आणि आत आलेच नाहीत. एक म्हणजे तिकीट. कंत्राटी पगारात महिन्याची खोली, मेस आणि घरी पाठवायचे पैसे काढल्यावर तीन दिवसांचा पास कुठून निघणार? दुसरं म्हणजे वेळ. उघड्यावरचा लाउडस्पीकर कायद्यानं रात्री दहाला बंद करावा लागतो. सरकार वर्षातले मोजके दिवस सोडले तर त्यात सूट नाही. आणि दुसऱ्या शिफ्टचा भोंगा वाजतो अकराच्या सुमारास. शेवटचं गाणं संपतं, तेव्हा आपला गडी अजून मशीनवर उभा असतो.

शो त्याच्यापर्यंत पोचत नाही. रेकॉर्ड केलेलं गाणं मात्र बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचतं. त्यामुळे ‘टूर की रेकॉर्डिंग’ हा नुसता बँडच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. ते संगीत कुणापर्यंत जाणार, हाही त्यातच ठरतं.

टूरची बाजू खोटी नाही

तरीही टूरवाल्यांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे.

पहिली गोष्ट पोटाची. आपल्याकडे गाण्यांचा बाजार मुख्यतः सिनेमाचा. इंग्रजी किंवा हिंदी रॉकचा अल्बम विकून भारतात बँडचं घर चालावं, असे दिवस कधी आलेच नाहीत. पैसा आला तो कॉलेज फेस्टमधून, कंपन्यांच्या कार्यक्रमांतून, महोत्सवांतून. स्ट्रीमिंगनं यात फार फरक पडला नाही. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियमच असा आहे, की बारा महिन्यांत गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच सुरू होत नाहीत. आणि १००० हा तर फक्त उंबरठा. त्यापुढे पेट्रोलचा खर्च निघायलाही बरीच मजल मारावी लागते.

आपल्या जिल्ह्यात हे गणित नवं नाही. चैत्रातल्या यात्रांच्या तोंडावर नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. शिरूर, जुन्नर, खेडकडचे गावकारभारी तिथं जाऊन सुपारी ठरवतात. कुठला फड चांगला, हे ठरतं गेल्या वर्षी त्यानं कुठल्या गावात काय रंग भरला यावर. ट्रक, तंबू, लाइट, साउंड आणि पन्नास-शंभर माणसांचं जेवण ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला ‘या वर्षी फिरत नाही’ म्हणणं परवडत नाही. फड रस्त्यावर, तरच चूल पेटती. रॉक बँडचं कुटुंब लहान असतं, पण गणित हेच.

दुसरी गोष्ट कलेची. गाणं लोकांसमोर पिकतं. कुठली ओळ लोक उचलतात, कुठं सोलो लांबला की माणसं मोबाइल काढतात, हे स्टुडिओच्या काचेआड कळत नाही. याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे दिल्लीचा परिक्रमा. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या बँडनं अनेक वर्षं रीतसर अल्बम काढलाच नाही. जी काही गाणी रेकॉर्ड केली, ती वेबसाइटवरून फुकट वाटली आणि कॉलेजामागून कॉलेज पालथं घातलं. त्यांचं ‘बट इट रेन्ड’ हॉस्टेलमधल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर असं पसरलं, की अल्बमच्या दुकानाची गरजच पडली नाही. मार्च २००७ मध्ये बंगळुरूत आयर्न मेडनच्या आधी स्टेजवर परिक्रमा होता आणि त्याच वर्षी तो इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात वाजवून आला. अल्बमशिवाय इथवर! मग कशाला हवा स्टुडिओ?

तिकडे रोलिंग स्टोन्सनं तर कळसच केला. २००५ च्या ‘अ बिगर बँग’नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी काढला तो थेट २०२३ मध्ये. अठरा वर्षं! मधल्या काळात २०१६ मध्ये एक अल्बम आला, पण त्यात जुन्या ब्लूज कलाकारांची गाणी होती. दौरे मात्र चालूच, आणि मैदानंही भरलेली.

रस्ता शरीरावर चालतो

अडचण इथं सुरू होते. दौरा चालतो तो गाडीवर नव्हे, माणसाच्या अंगावर. २०१६ मध्ये एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला दौरा अर्धवट सोडावा लागला, कारण डॉक्टरांनी बजावलं, की असंच चालू ठेवलं तर कान कायमचे जातील. ऑगस्ट २०२४ मध्ये एरोस्मिथनं दौऱ्यांना कायमचा रामराम केला, कारण स्टीव्हन टायलरच्या घशाची दुखापत भरून येईना. विशीतल्या बँडला दौरा म्हणजे सहल वाटते. पन्नाशीनंतर त्याच दौऱ्यात रात्रीचं जागरण, सकाळची फ्लाइट, गुडघा, पाठ आणि बीपीची गोळी, सगळं सोबत असतं.

आणि कधीकधी निवृत्ती जाहीर करायलाही वेळ मिळत नाही. परिक्रमाचे गिटारवादक सोनम शेर्पा फेब्रुवारी २०२० मध्ये अचानक गेले. वय पन्नाशीच्या आत. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी शेकडो मैदानांत गिटार वाजवली. त्यातलं आज ऐकायला काय उरलं? मोजकी रेकॉर्ड केलेली गाणी आणि प्रेक्षकांच्या मोबाइलमधले हलते, फाटक्या आवाजाचे व्हिडिओ. परिक्रमाचा निर्णय त्या काळात चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. १९९१ मध्ये इंग्रजी रॉकसाठी पैसे लावणारी कंपनी शोधणं म्हणजे वाळवंटात विहीर खणणं. पण तिशी ओलांडलेल्या बँडनं विशीतलाच निर्णय पुढं चालवत नेला, की त्याची किंमत अशी मोजावी लागते.

याउलट दिल्लीचाच इंडियन ओशन बघा. त्यांचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. पण नव्या अल्बमसाठी त्यांचा आवाज आणि तबला आधीच रेकॉर्ड झालेला होता. २०१० मध्ये बँडनं तो ‘१६/३३० खजूर रोड’ या नावानं लोकांपुढे ठेवला. ज्या करोलबागेतल्या जुन्या बंगल्यात वर्षानुवर्षं सराव केला, त्याचा हा पत्ता. दर महिन्याला एक गाणं, तेही फुकट डाउनलोड करायला. माणूस गेल्यावर पुढचे कित्येक महिने त्याचा आवाज नव्या गाण्यात येत राहिला. हे कुठल्याही दौऱ्याला जमलं नसतं.

स्टोन्सचीही तीच गोष्ट. ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्स’मधल्या फक्त दोन गाण्यांत त्यांचे ड्रम ऐकू येतात, तेही आधी रेकॉर्ड करून ठेवले होते म्हणून. अठरा वर्षांत मधे एखादा अल्बम झाला असता, तर दोनाचे बारा झाले असते. मैदानं भरली, पण एवढी एक गोष्ट हातची गेली.

बखलेबुवांचा आवाज कुठंय?

रॉकच्या पोरांना हे सांगायला इंग्लंड-अमेरिकेला जायची गरजच नाही. पुण्यातच याचा सगळ्यात मोठा धडा आहे.

भास्करबुवा बखले हे नाव गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा. पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू, ‘संगीत स्वयंवर’च्या चाली देणारे. त्यांच्या मैफली ऐकलेल्यांनी भरभरून लिहून ठेवलं आहे. १९२२ मध्ये बुवा गेले. त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. एकही! हिंदुस्थानात ग्रामोफोनवाले १९०२ मध्येच येऊन रेकॉर्डिंग करू लागले होते, म्हणजे यंत्र वीस वर्षं हाताशी होतं. आज बुवांच्या चाली आपण ऐकतो त्या शिष्यांच्या तबकड्यांमधून. गुरूचा आवाज मात्र पुस्तकात वाचायचा.

त्याच काळातले अब्दुल करीम खाँ मिरजेला राहायचे. मैफलींसाठी तेही खूप फिरले, पण त्यांनी तबकड्याही भरल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर फुलवायचा राग तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे अनेक गवयांना अपमानच वाटायचा. पण त्यातलीच एक तबकडी तिकडे गदगमध्ये एका दुकानात वाजली आणि एका शाळकरी पोरानं ती ऐकली. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ती ठुमरी. असंच गाता आलं पाहिजे, या एका ध्यासानं १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, ते पोर घर सोडून पळालं. त्याचं नाव भीमसेन जोशी. पुढं तो खाँसाहेबांच्या शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे शिकला आणि १९५३ पासून त्या गुरूच्या नावानं पुण्यात महोत्सव भरवू लागला.

आता गदगच्या जागी सणसवाडी ठेवा आणि तबकडीच्या जागी इअरबड. मोठ्या शहरातल्या मुलाला मैफल मिळते. गावातल्या, रस्त्याकडेच्या, शिफ्टमधल्या मुलाला रेकॉर्ड मिळते. पुढचा वेडा यांपैकी कुठून निघेल, हे कुणी सांगावं?

अशीच एक मुंबईची गोष्ट. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबात एका रात्री ते वाजवूनही गेले. ती रात्र आता फक्त तिथं असलेल्यांच्या आठवणीत आणि ऐकीव गप्पांत आहे. पण त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. ती टेप डब्यात पडून राहिली आणि २०१५ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, बाहेर आली. आज ती फोनवर सापडते.

इंडस क्रीडनं केलं ते

आपल्या घरचा अनुभवी रॉक बँड कुठला म्हटलं, तर मुंबईच्या इंडस क्रीडचं नाव आधी घ्यावं लागतं. १९८४ मध्ये तो रॉक मशीन या नावानं सुरू झाला. बहुतेक बँड परदेशी हिट गाण्यांच्या हुबेहूब नकलेवर टाळ्या मिळवायचे, त्या काळात यांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ काढला. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. १९९७ मध्ये बँड फुटला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी वेगळे प्रयोग केले.

२०१० मध्ये मंडळी पुन्हा जमली. उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि सोबत तरुण बेस आणि ड्रमवादक. आता त्यांच्यापुढे सोपा रस्ता उघडा होता. जुनी गाणी वाजवायची, चाळिशी-पन्नाशीतल्या चाहत्यांना त्यांचं कॉलेज आठवून द्यायचं, पाकीट घ्यायचं, घरी जायचं. तसे शो मिळालेही असते. पण त्यांनी २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा पूर्ण नवा अल्बम केला. मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, म्हणजे ज्यांनी पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला होता त्यांनी. सतरा वर्षांनी आलेल्या या अल्बमचं महत्त्व खपाच्या आकड्यात शोधू नका. त्यामुळे हा बँड आठवणींचा अल्बम न राहता पुन्हा बँड झाला.

आणि बघा, ज्या मैदानांवर हा बँड मोठा झाला, त्यातलं धोबीतलावचं रंगभवन आता मैफलींना बंद आहे. बाजूला इस्पितळं आणि शाळा, म्हणून शांतता क्षेत्र. इंडिपेंडन्स रॉकच्या त्या गर्दीच्या संध्याकाळी आता मावळलेल्या. ‘द सेकंड कमिंग’ मात्र आजही लावता येतो. स्टेज भाड्याचं असतं, गाणं मालकीचं.

मालकीचं म्हणजे अगदी कायद्यानंही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम झाला. गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर हक्क राहतो तो रचणाऱ्याच्या हयातीनंतरही साठ वर्षं. उद्या ते गाणं एखाद्या सिनेमात, जाहिरातीत, वेबसिरीजमध्ये गेलं, तर घरच्यांना चार पैसे मिळू शकतात. शोचं मानधन त्या रात्रीपुरतं. खात्यावर आलं, खर्च झालं.

टूलरूम बंद करून लाइन चालत नाही

सणसवाडीत काम करणाऱ्याला हे एका वाक्यात पटेल. कारखान्यात पैसा दिसतो तो प्रॉडक्शन लाइनवर. प्रेस धडाधड चालतोय, पार्ट पडतायत, गाडी भरून जातेय. टूलरूममध्ये तसं काही दिसत नाही. चार माणसं एका डायवर आठवडाभर झटत असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हे नुसते खर्चात टाकणारे लोक. पण टूलरूम बंद ठेवून नुसती लाइन चालवली, तर काय होतं? डाय झिजते, पार्टला बर येते, माल रिजेक्ट होऊ लागतो. आणि नवीन पार्टची ऑर्डर आली, तर हातात डायच नसते.

शो म्हणजे प्रॉडक्शन. रेकॉर्डिंग म्हणजे टूलरूम. वीस वर्षं त्याच बारा गाण्यांवर फिरणारा बँड झिजलेल्या डायवर माल काढत असतो. लोक टाळ्या वाजवतात, कारण त्यांना मूळ पार्ट आठवत असतो. पण विशीतला नवा ऐकणारा त्या बँडकडे बापाच्या पिढीची वस्तू म्हणूनच बघतो.

म्हणून सरळ सांगायचं, तर नव्या बँडनं आधी वाजवावं, जुन्या बँडनं आधी रेकॉर्ड करावं. वय वाढेल तसा क्रम उलटा व्हायला हवा. नव्या पोरांकडे वेळ भरपूर, अनुभव नाही. त्यांनी गणपतीच्या मंडपात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, मिळेल तिथं वाजवावं, चुकावं, गाणी तासून घ्यावीत. जुन्यांकडे अनुभव भरपूर, वेळ मोजका. जे सुचलंय ते आधी उतरवून ठेवावं.

याचा अर्थ शो बंद करा असा नाही. तसं केलं बीटल्सनी. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा शो केला, कारण किंकाळ्यांत स्वतःचंच गाणं ऐकू येईना. आणि पुढची वर्षं स्टुडिओत घालवली. ‘सार्जंट पेपर’पासून ‘ॲबी रोड’पर्यंत सगळं त्यानंतरचं. पण ते बीटल्स होते, अल्बमवर घर चालणारे. आपल्या बँडला ती चैन नाही.

आपल्यासाठी वाट दाखवली ती पुन्हा इंडियन ओशननं. त्यांचा १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ हा दिल्लीतल्या एका उघड्यावरच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. स्टेजवर पिकलेली गाणी स्टेजवरच टिपली. अमेरिकेत ग्रेटफुल डेड तर आणखी पुढं गेले. त्यांनी प्रेक्षकांनाच रेकॉर्डिंगची मुभा दिली, १९८४ पासून टेपवाल्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवली. त्यांच्या १९७७ मधल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका शोचं रेकॉर्डिंग आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलं आहे. आज साउंड मिक्सरमधून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक लॅपटॉपवर उतरवता येतो. तरीही आपले बहुतेक शो हवेत विरून जातात, कारण ते टिपायचं कामच कुणाकडे दिलेलं नसतं.

आणि वेळ कधी काढायचा? त्याचंही उत्तर इथल्याच मातीत आहे. तमाशाचा फड पावसाळ्यात उतरतो. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा उभा राहतो आणि नवा वग बसवायचा तो त्याआधी. उघड्यावरच्या कॉन्सर्टचा हंगामही आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात. मग ते चार महिने टूलरूमचे, असं डायरीत आधी लिहून टाकावं आणि शोच्या तारखा त्यानंतर घ्याव्यात. दरवर्षी अल्बम होणार नाही. दोन गाणी झाली तरी पाच वर्षांत दहा होतात. इंडियन ओशनच्या २०१४ च्या ‘तांडानू’नंतर ‘तू है’ यायला २०२३ उजाडलं. चाहत्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली, पण बँडनं नवं करणं सोडलं नाही म्हणून ती वाट पाहण्याला अर्थ होता.

ऐकणाऱ्यांचंही एक काम आहे. जुना बँड स्टेजवर ‘आता एक नवीन गाणं’ म्हणाला, की अर्धं पब्लिक वडापाव आणायला उठतं. मग बँडनं नवं कशाला करावं? पुढच्या वेळी जरा बसून ऐका.

कंपनीच्या बसमधली प्लेलिस्ट

• रॉक मशीन – ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८): मुंबईच्या पोरांनी स्वतःची गाणी लिहायची ठरवली, तेव्हाचा आवाज.

• इंडियन ओशन – ‘डेझर्ट रेन’ (१९९७): उघड्यावर वाजवलेलं, आहे तसं टिपलेलं. डोळे मिटून ऐका.

• परिक्रमा – ‘बट इट रेन्ड’: अल्बमशिवाय देशभर पोचलेलं गाणं. सोनम शेर्पांच्या गिटारीकडे लक्ष द्या.

• इंडियन ओशन – ‘१६/३३० खजूर रोड’ (२०१०): असीम चक्रवर्तींचा आवाज, त्यांच्या पश्चात घरोघरी गेलेला.

• इंडस क्रीड – ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२): सतरा वर्षांनी परतलेल्या बँडनं जुनं न उगाळता नवं कसं करावं, त्याचा नमुना.

• अब्दुल करीम खाँ – ‘पिया बिन नाही आवत चैन’: फक्त तीन मिनिटं. शिक्रापूरचा सिग्नल सुटायच्या आत संपते. गदगच्या एका पोराला तेवढी पुरली होती.